गेटवर घरचेच आलेत

तुमच्या सोसायटीत ते गेटचं ॲप आहे का? नसेल तर नशीबवान आहात. असेल, तर हे ऐकून होईपर्यंत फोन जरा पालथा घालून ठेवा.

मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीत अगदी वरच्या मजल्यावर मधुवंती राहायची. त्या शनिवारी दुपारी ती खाली उतरली होती केक आणि फुगे आणायला. लेकीचा, जान्हवीचा वाढदिवस. पोरगी सहा वर्षांची झाली म्हणून आईचे पाय जमिनीवर ठरत नव्हते, आणि त्याला आणखी एक कारण होतं. आठवड्यापूर्वी तिने जान्हवीचा तिखट पाणीपुरी खाऊन थयथय नाचतानाचा रील टाकला होता. तो असा काही पळाला की पार नागपूरपासून गोव्यापर्यंत लोक तिला 'जानूची आई' म्हणून ओळखायला लागले. आज केक कापताना ती लाइव्ह जाणार होती. नवरा मिहिर ऑफिसच्या कार्यक्रमासाठी जुहूच्या हॉटेलात अडकलेला, तोही तिथूनच बघणार होता.

दोन्ही हातांत केक, दातांत फुग्यांची पिशवी, अशी ती गेटपाशी पोचली तर पर्समधला फोन ठणाणा करायला लागला. कसाबसा काढून बघते तर काय, 'पाहुणे आले आहेत: मधुवंती. येऊ द्या? नको?' आणि खाली तिचाच फोटो, पिशवी दातांत धरलेला.

"मॅडम, मशीन चेहरो ओळखीत नाय आज," वॉचमन सीतारामकाका म्हणाले. "तुमीच तुमका हो म्हणा."

"म्हणजे माझ्या घरी यायला मीच मला परवानगी द्यायची? धन्य आहे बाबा!"

पण दाबलं तिने 'येऊ द्या'. करते काय!

हे 'पहारा' नावाचं खूळ सोसायटीत आणलं सेक्रेटरी श्यामकांतकाकांनी. त्याचं असं झालं. एका न्यूज चॅनेलवर दिवसभर लाल पट्टी फिरत होती, 'मुलं पळवणारी टोळी मुंबईत?' तीच एक इवलीशी क्लिप, पुन्हा पुन्हा, मागे धडाम धडाम संगीत. ग्रुपवर फॉरवर्डचा पाऊस. पुढे कळलं की क्लिप भलत्याच गावची, कितीतरी वर्षांपूर्वीची. चॅनेलने तेही सांगितलं म्हणे, बातम्या संपता संपता, घाईघाईत. तोवर काकांनी सभा बोलावून गेटवर मशीन बसवलंसुद्धा. माणूस आत आला की फोटो, बाहेर गेला की फोटो. लहान मूल आईबापाच्या 'हो'शिवाय गेटबाहेर जाणार नाही आणि गेलेलं परत आतही येणार नाही. ऐकायला झकास. प्रत्यक्षात सकाळच्या दूधवाल्याचा फोटो संध्याकाळी यायचा आणि शेजारच्यांचा पिझ्झा मधुवंतीच्या नावावर. महिनाभरात सगळी सोसायटी एकच गोष्ट शिकली. वाचायचं नाही, बघायचं नाही, फोन वाजला की 'येऊ द्या' दाबून मोकळं व्हायचं.

संध्याकाळी घर नुसतं दणाणून गेलं. डान्सक्लासची मुलं, बिल्डिंगमधली मुलं, फुगे फुटतायत, कुणी पडद्याला लोंबकळतंय. दार सताड उघडं. मधुवंतीने फोन स्टँडवर लावला आणि "हॅलो माय लव्हलीज, बघा कोण आहे आज बर्थडे गर्ल!" म्हणत लाइव्ह सुरू केलं. बघणाऱ्यांचा आकडा सरसर वर चढायला लागला. पण त्याच पडद्यावर वरून ट्रिंग, ट्रिंग. पाहुणे आले आहेत. येऊ द्या. पाहुणे आले आहेत. येऊ द्या. अंगावर बसलेली माशी हाकलावी तशी ती बोट फिरवत होती.

एकदा मात्र नजर पडली. 'पाहुणे: घरचेच.' फोटोत गेट होतं, सीतारामकाकांचं स्टूल होतं, आणि माणूस कुणीच नव्हतं.

तिला हसू आलं. ही नक्की माधुरी, कांदिवलीची नणंद! तिला नाव सांगायचा भारी कंटाळा. सीतारामकाकांनी विचारलं की "अहो, घरचेच आहोत, काय दर वेळी!" म्हणत सरळ आत. आपल्याकडे सगळेच तसं करतात म्हणा. घरचं माणूस कधी नाव लिहून येतं का? मधुवंतीने दाबलं, 'येऊ द्या'.

तेवढ्यात माधुरीचाच फोन आला. "वहिनी, सॉरी गं, माझं काही जमत नाही. अजून घरीच आहे मी, छोट्याला ताप भरलाय. मी लाइव्ह बघते हां!"

मग आलं कोण? पण "आई, केक! आई, केक!" म्हणून जान्हवी ओढायला लागली, मुलांनी टाळ्या सुरू केल्या, आणि ती शंका त्या गोंगाटात बुडून गेली.

केक कापताना लाइव्हवर कुणीतरी लिहिलं, 'जानूच्या मागे कोण उभं आहे?'

मधुवंतीने वळून बघितलं. मागे भिंत.

'खांद्यावर हात दिसतोय बघा.' 'ताई, फिल्टर कुठलाय, भारी!' 'अगं, खरंच हात आहे.' कॉमेंटचा नुसता धबधबा लागला. आणि बघणाऱ्यांचा आकडा! तो जो काय उसळला, मधुवंतीच्या छातीत धडधडायला लागलं. भीतीने नव्हे हो, आनंदाने. खोटं कशाला बोला, तिने जान्हवीला तिथेच आणखी थोडा वेळ उभं ठेवलं. "हाय कर बेटा, सगळ्यांना हाय कर!"

जान्हवीने हात हलवला. मग मान वर करून, आपल्या मागे बघत, ती हळूच म्हणाली, "आई, तू दोन्हीकडे कशी?"

पोरांच्या गलक्यात ते कुणी ऐकलं नाही. मधुवंतीने ऐकलं, पण पोरांचं बोलणं ते, ती हसून मोकळी झाली.

मग निघायची गडबड. आया खाली येऊन थांबलेल्या, मुलं घोळक्याने उतरतायत, आणि पाहुण्या मुलांसाठी यजमानालाच विचारायचं म्हणून फोनवर आता दुसरी माळ. 'बालक बाहेर जात आहे. जाऊ द्या?' मधुवंती एका हाताने रिटर्न गिफ्ट देत होती, दुसऱ्याने कॉमेंटला बदाम पाठवत होती. मध्ये ट्रिंग झालं की अंगठा. जाऊ द्या. जाऊ द्या. जाऊ द्या.

शेवटचं मूल गेलं. घर एकदम गप्प झालं. पंखा तेवढा फिरत होता, आणि कुठूनतरी वास येत होता, ओल्या भिंतीचा, बरेच दिवस बंद ठेवलेल्या खोलीचा.

"जानू? ये, गिफ्ट फोडू या."

बेडरूम, बाथरूम, बाल्कनी, पलंगाखाली. "जानू, बस झाली मस्ती!" मग काय वाटलं कोण जाणे, तिने 'पहारा' उघडलं.

'जान्हवी बाहेर गेली. सोबत: घरचेच. परवानगी: मधुवंती.'

आई गं! तिच्याच अंगठ्याने पोरीला धाडलं होतं. लिफ्टची वाट कोण बघतो, जिन्यावरून ती धावत सुटली, पायात चप्पल नाही, ओढणी कठड्यात अडकून फाटली तरी भान नाही. गेटवर सीतारामकाका एका डिलिव्हरीवाल्याशी हुज्जत घालत होते. त्यांना ओलांडून ती रस्त्यावर आली. दिवेलागण झाली होती. रिक्षा, भाजीवाले, सगळं नेहमीसारखं.

आणि कोपऱ्यावरच्या बंद लाँड्रीच्या शटरकडे तोंड करून जान्हवी उभी होती. पिवळा फ्रॉक, केसांत चांदणीची क्लिप.

"जानू!"

ती वळली. रडली नाही, धावली नाही. फक्त दोन्ही हात वर केले, घे म्हणून. मधुवंतीने तिला उचलून छातीशी आवळलं आणि तिथेच हमसाहमशी रडली. "कोणासोबत आलीस गं इथे? कोण होतं?"

"तू," पोरगी म्हणाली.

घाबरलंय लेकरू, काहीतरी बोलतंय. मधुवंती तशीच परत फिरली. सीतारामकाकांची पाठ होती, हुज्जत चालूच होती. मशीनचा दिवा लुकलुकला आणि ती गेटमधून आत शिरली. घरी येऊन दाराला आतून कडी, वरची खिट्टी, साखळी, सगळं लावलं. सोफ्यावर बसली, लेक मांडीवर, आणि मिहिरला फोन लावला.

"सापडली रे! हरवली होती... हो हो, आता आहे माझ्याजवळ! मांडीवर बसलीये!" हसतही होती, रडतही होती. इतका आनंद तिला जान्हवी जन्मली त्या दिवशीही झाला नसेल. मिहिर म्हणाला, "मी निघालोच, दार उघडू नकोस कुणाला." पोरगी मात्र हनुवटीखाली डोकं खुपसून गप्प बसून होती. तिचे हात गार लागत होते. एसीमुळे असेल.

ट्रिंग.

'बालक आत येत आहे: जान्हवी. येऊ द्या? नको?'

फोटोत जान्हवी गेटवर उभी होती, रडवेली, एका पायात सँडल नाही.

मधुवंतीने मांडीवरच्या पायांकडे बघितलं. दोन्ही सँडल जागच्या जागी. "मेल्या ॲपला आत्ता जाग आली! मघाशी आत आलो तो फोटो आता पाठवतंय." दाबलं, 'नको'.

ट्रिंग. तोच निरोप, फोटो मात्र दुसरा. पोरगी मशीनच्या अगदी जवळ आली होती. तोंड वासलेलं, गाल ओले.

आता मात्र मधुवंतीच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा जुना फोटो नव्हे. मघाशी नाव न सांगता जे घरात शिरलं होतं, ज्याने तिच्या लेकीला बाहेर नेलं होतं, ते आता लेकीचंच तोंड लावून गेटवर उभं होतं!

"नको म्हण, आई," मांडीवरून आवाज आला.

"नाही गं राणी, नाही येऊ देणार. मेले तरी नाही येऊ देणार." नको. ट्रिंग. नको. ट्रिंग. नको! दात-ओठ खात ती दाबत राहिली.

मग फोन थांबला. थोडा वेळ काहीच नाही. जिंकलो, असं वाटलं तिला. लेकीच्या केसांवरून हात फिरवत ती पुटपुटली, "गेलं. गेलं बघ ते."

ट्रिंग.

'मधुवंती आत आल्या.' हा निरोप मात्र मघाचाच, उशिरा पोचलेला. ती गेटमधून शिरतानाचा फोटो. विस्कटलेले केस, फाटकी ओढणी, रडून सुजलेला चेहरा. दोन्ही हात छातीशी घट्ट आवळलेले.

आणि त्या हातांत काहीच नव्हतं.

मधुवंतीने खाली बघितलं नाही. बघवलंच नाही. मांडीवरचं वजन तसंच होतं, मानेभोवतीचे गार हात तसेच होते. तिने श्वास रोखून, सोफ्याशेजारचा इंटरकॉम कसाबसा उचलला आणि गेटचं बटण दाबलं.

"काका... काका... जान्हवी... गेटवर जान्हवी आहे का?"

"होती मां," सीतारामकाका म्हणाले. "कितको वेळ रडत होती बिचारी. आई आत घेत नाय म्हणत होती. मशीन सारखा नको म्हणता, मी तरी काय करू? वर फोन लावणारच होतंय... तितक्यात मॅडम स्वतःच इली. बेबीचो हात धरलान आणि घेऊन गेली."

"कुठे...?"

"भायेर. गेटाच्या भायेर. रिक्षात बसान गेली पण." मग अगदी हळू, चाचरत त्यांनी विचारलं, "पण... मॅडमच्या घरातसून... कोण बोलता?"

मधुवंतीने नाव सांगायला तोंड उघडलं. तिच्या तोंडून शब्द निघायच्या आत, हनुवटीखालून, तिच्याच आवाजात उत्तर गेलं.

"कुणी नाही."