खालच्या भिंगाचं झाकण

“ये बक्सा किसका है?” असं कुणीतरी मोठ्यानं विचारलं, उत्तर आलं नाही, आणि सेक्टर सतराच्या कारंज्याभोवतीची माणसं बघता बघता पांगली.

ते दिवसच तसे होते हो. एकोणीसशे एकोणनव्वदचा हिवाळा. पंजाबात रोज काही ना काही घडत होतं, आणि चंदीगडात बसथांब्यांपासून सिनेमाघरांपर्यंत पाट्या लागल्या होत्या, बेवारस वस्तूला हात लावू नका. ट्रान्झिस्टर असो, जेवणाचा डबा असो, नाहीतर खेळणं. इथे तर सिमेंटच्या बाकावर चक्क काळ्या चामड्याची चौकोनी पेटी, पट्ट्यासकट! शेंगदाणेवाला गाडी सोडून पळाला, तिथे इतरांचं काय सांगावं.

शुभदा समोरच्या दुकानात लोकरीचे रंग बघण्यात गुंग होती. गलका ऐकून तिनं मान वळवली, खांदा चाचपला... आणि ती दाराकडे धावली.

“अगं बाई, माझा कॅमेरा!”

घाबरला की माणूस आईच्याच भाषेत ओरडतो. त्या गर्दीत ते कुणालाच कळलं नाही, एकाला सोडून. राखाडी स्वेटरातला, काटकुळा, चष्मेवाला एक तरुण तिच्याकडे बघून सरळ बाकाशी गेला. त्यानं पेटी उचलली, बक्कल काढून आत डोकावला आणि शांतपणे तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“हा घ्या तुमचा बाँब,” तो म्हणाला. तोही मराठीत.

शुभदाला रडू येत होतं, पण हसू त्याच्या आधी आलं.

तो गुरुनाथ होनराव. बार्शीचा, विद्यापीठात भूगर्भशास्त्रात संशोधन करणारा. ती कर्नल विश्वनाथ आठल्यांची मुलगी, चंडीमंदिरच्या छावणीत राहणारी, त्याच विद्यापीठात एम.ए. करणारी. दोन वर्षं एकाच आवारात वावरून दोघांची कधी गाठ पडली नव्हती. चंदीगड पडलं आखीवरेखीव शहर, तिथे कुणी कुणाला चुकूनही धडकत नाही. या दोघांना भेटायला बाँबची अफवा लागली.

बरं, आभार मानून झाले, आता निघावं की नाही? पण गुरुनाथचं लक्ष पेटीतल्या कॅमेऱ्यावर खिळलं होतं. दोन भिंगांचा, एकावर एक डोळे असलेला, वरून मान खाली घालून बघायचा तो जुना कॅमेरा. कुणी निवडला, असं त्यानं विचारलं. मीच, आत्ता तासाभरापूर्वी, असं तिनं ऐटीत सांगितलं. दुकानात दोन होते, एक हा चकचकीत जपानी आणि एक चामडं सोललेला जर्मन. हा दिसायला छान होता.

गुरुनाथनं नुसतं “हं” केलं. त्या “हं”चा तिला असा राग आला म्हणता! मग त्यानं कॅमेरा उन्हात धरून तिला दाखवलं. वरच्या भिंगातून आपण फक्त बघतो, फोटो काढतं ते खालचं. वरचं लखलखीत होतं, आणि खालच्याच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती.

“दुकानदार वरचं पुसून ठेवतो,” तो म्हणाला. “आणि गिऱ्हाईक त्याच्यातच बघून भाळतं.”

“सगळीच गिऱ्हाइकं नाही भाळत,” ती फणकारली.

“नाही ना... तुम्ही तर घेऊनच आलात.”

भांडावं तर मुद्दा त्याचा बरोबर, म्हणून ती मुकाट्यानं त्याच्याबरोबर दुकानात परत गेली. सरदारजी मोठे दिलदार. चूक दाखवल्यावर आधी गडगडून हसले आणि मग जर्मन कॅमेरा काढून दिला. गुरुनाथनं तो सगळ्यांत सावकाश वेगावर लावला आणि तिच्या कानाशी धरला. आतली चाकं अडखळली तर समजायचं, तेल सुकलंय. ऐका... येतोय का सलग आवाज? ती ऐकत होती. त्याचा हात गालापासून बोटभर दूर होता, त्या हाताला साबणाचा आणि हिवाळ्यातल्या उन्हाचा वास येत होता, आणि तिला स्वतःच्या छातीतल्या धडधडीपुढे दुसरं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

“सलग आहे,” तिनं ठोकून दिलं.

त्या कॅमेऱ्याच्या वरच्या भिंगाचं झाकण हरवलेलं होतं, खालच्याचं तेवढं शिल्लक होतं. सरदारजी म्हणाले, तेच सांभाळा, वरचा तर नुसता दरवान आहे.

पुढचा सगळा हिवाळा शिकण्यात गेला. कधी गुलाबबागेत, कधी सुखना तलावाच्या काठी. संध्याकाळच्या आत घरी, ही आईची अट, कारण अंधार पडला की रस्ते ओस पडत. तलावाकडे जाताना नाक्यावर पेटी उघडून दाखवावी लागे. एका बिहारी जवानानं कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत डोकावून पाहिलं आणि उजवीकडून जाणारा ट्रक डावीकडून जाताना बघून लहान मुलासारखा खूश झाला. पुढच्या खेपेला त्यानं आपल्या हवालदारालाच बोलावून दाखवलं.

या कॅमेऱ्यात सगळं असंच उलटं. चित्र डावीकडे न्यायचं तर आपण भलतीकडेच वळतो. शुभदा गुरुनाथला चौकटीत आणायला गेली की तो हळूच काचेबाहेर निघून जाई.

“हलू नकोस ना,” ती कुरकुरे.

“मी कुठे हलतोय? तूच पळवून लावतेयस,” तो म्हणे. तोवर दोघं “तुम्ही”वरून “तू”वर आली होती, कधी आली ते दोघांनाही कळलं नाही.

एक गंमत मात्र तिनं त्याला कधी सांगितली नाही. इतर कॅमेऱ्यात डोळा लावून समोर बघावं लागतं. यात मान खाली. समोरच्याला वाटतं, मुलगी लाजाळू आहे, आपल्याकडे बघत नाही. आणि ती तर मनसोक्त बघत असते! वाऱ्यानं उडणारे त्याचे केस, चष्मा वर सरकवायची सवय, दगडांविषयी बोलताना उजळणारा चेहरा... ती प्रेमात पडली होती, कानाच्या पाळीपर्यंत बुडाली होती. आणि तो? तो तासन् तास शिवालिकच्या टेकड्यांत सापडणाऱ्या लाखो वर्षांपूर्वीच्या हाडांविषयी बोले. आजच्या जिवंत मुलीविषयी चकार शब्द नाही. घरी येई, कर्नलसाहेबांशी राजकारण बोले, काकूंच्या हातचं थालीपीठ खाई, आणि जाई. असल्या माणसाला काय म्हणावं?

आणि मग फेब्रुवारीत पुण्याहून मामाचा फोन आला. स्थळ चालून आलं होतं. मुलगा इंजिनिअर, अमेरिकेला निघालेला, घरचे चांगले, घाई फार. फोटो ताबडतोब पाठवा, फोटो पसंत पडला तर आठवड्यात येऊन साखरपुडाच उरकू. आईला तर स्वर्ग दोन बोटं उरला. कर्नलसाहेबांची बदलीही जवळ आलेली, मुलीचं मार्गी लागलं तर बरंच, असं तेही म्हणाले. पण शहरात बंद पुकारलेला, फोटो स्टुडिओंची शटरं खाली. आईला उपाय सुचायला वेळ लागला नाही. आपला गुरुनाथ काय छान फोटो काढतो! तिनं स्वतःच त्याच्या वसतिगृहावर फोन केला.

शुभदाला वाटलं, तो काहीतरी सबब सांगेल. आता तरी सांगेल. पण तो बसगाड्या बंद म्हणून थेट विद्यापीठापासून सायकल मारत आला.

आईची अंजिरी साडी नेसवून तिला हिरवळीवर वेताच्या खुर्चीत बसवलं होतं. ऊन कोवळं होतं. आईनं पदर नीट केला, केसांवरून हात फिरवला आणि कॉफी करायला आत गेली. गुरुनाथनं पेटीतून तिचाच कॅमेरा काढला, रोल भरला, मान खाली घातली. “जरा इकडे...” तो म्हणाला. “हं, तशीच... हनुवटी थोडी वर.”

तिनं हनुवटी वर केली, कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि तिला ते दिसलं. वरचं भिंग चमकत होतं. खालच्यावर काळं झाकण तसंच होतं.

त्याला वरून काचेत ती लख्ख दिसत असणार, साडीच्या काठासकट. पण फिल्मवर काही म्हणजे काही उमटणार नव्हतं. हे त्या घडीला जगात फक्त तिला ठाऊक होतं. ती सांगणारच होती, ओठ उघडलेही होते. मग मनात आलं, ज्यानं आपल्याला शिकवलं तो हे विसरेल? शक्यच नाही. यानं मुद्दाम ठेवलंय. तोंडानं बोलवत नाही म्हणून असं सांगतोय! ती इतकी सुखावली की तिनं ओठ मिटले आणि मनापासून हसली.

“असंच,” तो पुटपुटला. खटका दाबला, किल्ली फिरवली, पुन्हा खटका. बाराच्या बारा फोटो तसेच निघाले. कॉफी घेऊन आलेली आई म्हणाली, आज किती गोड हसतेय पोर! फिल्म निघाल्याबरोबर शुभदानं त्याच्या हातून कॅमेरा घेतला आणि झटकन पेटीत घातला. उगाच आईच्या नजरेला काही पडायला नको.

पुढचे दोन दिवस ती तरंगत होती. तो येईल, हसेल, आणि आता तरी बोलेल.

तो आला. पण हसत नव्हता. चेहरा पार पडलेला, डोळे जागरणानं लाल. फाटकातून आत येऊन तिच्यासमोर उभा राहिला.

“शुभदा, मी गाढव आहे,” तो म्हणाला. “अख्खा रोल कोरा. खालचं झाकण काढायचंच राहिलं असणार, दुसरं कारणच नाही. काकूंची माफी मागतो... ऊन चांगलं आहे, नवा रोल आणलाय, आत्ताच पुन्हा काढू.”

आणि खरंच त्यानं खिशातून रोल काढला.

म्हणजे हा खरोखरच विसरला होता! दोन दिवस बांधलेले सगळे इमले तिच्याच डोक्यावर कोसळले. आत व्हरांड्यातून आईनं त्याला पाहिलं होतं, फोटो आला नाही हे ऐकून हळहळत ती पुन्हा साडी आणायला वळलीही होती. पाच मिनिटांत ती येईल. या खेपेला हा शहाणा झाकण न विसरता काढेल. फोटो पुण्याला जाईल, पसंत पडेल, आणि संपलं. गप्प राहण्याची वेळ टळून गेली होती.

“मला दिसत होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“झाकण. मी समोर बसले होते ना... सगळा वेळ मला दिसत होतं.”

“मग सांगायचं नाही का?”

“का सांगू?” तिचा आवाज चिरकला, राग आणि रडू एकदमच आलं. “फोटो पुण्याला जावा असं ज्याला वाटत असेल, त्यानं बघावं झाकण. मला नव्हतं वाटत. मला वाटलं, तुलाही वाटत नाही.”

कोपऱ्यातल्या पेरूवर पोपटांचा कालवा चालला होता. गुरुनाथनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“बाराही फोटोंना?” त्यानं हळूच विचारलं.

“बाराही.”

त्यानं रोल खिशात टाकला. मग तिच्याशी एक अक्षर न बोलता तो व्हरांड्याच्या पायऱ्या चढून गेला. तिथे कर्नलसाहेब पेपर वाचत होते, आणि आई साडी हातावर टाकून दारात आली होती. शुभदा मागोमाग धावली.

“काका, आज फोटो परत काढायला आलो होतो,” तो म्हणाला. उभ्या उभ्या, एका दमात. “पण नाही काढणार. हा फोटो माझ्याच्यानं निघणार नाही. तिनं पुण्याला जाऊ नये, माझ्याशी लग्न करावं, असं मला वाटतं. पहिल्या दिवसापासून वाटतंय. शिष्यवृत्ती अजून दोन वर्षं आहे, पुढचं मी बघीन.”

कर्नलसाहेबांनी पेपराची घडी घातली. फौजेतला माणूस, शब्द मोजूनमापून. मुलीकडे बघून एवढंच म्हणाले, “शुभा, तुला?”

“हो, बाबा.”

“मग ती साडी आत ठेव गं,” ते बायकोला म्हणाले. “मामाला काय सांगायचं ते मी बघतो.”

आईचं तोंड उघडं ते उघडंच. पण शेवटी ती आई, कारभार तिच्याच हातात. भानावर येऊन तिनं साडी छातीशी धरली आणि गुरुनाथला दरडावलं, “अरे, पण बार्शीला आईवडिलांना विचारलंयस का?”

“नाही काकू,” गुरुनाथ कानकोंडा होऊन म्हणाला. “मी तर अजून... हिलाही विचारलेलं नाही.”

कर्नलसाहेब इतक्या मोठ्यानं हसले की फाटकावरचा जवान आत डोकावून गेला. शुभदा मात्र व्हरांड्याच्या खांबाला टेकून रडत होती, आणि गुरुनाथ तिच्यासमोर उभा राहून, सगळ्यांच्या देखत, शेवटी एकदाचं तिला विचारत होता.