दोन डोकी जास्त

माझी सॅक खांद्यावरून सुटली आणि डोंगराच्या उतारावरून घरंगळत खाली निघाली. मी सवयीने ओरडले, "सांभाळा हो, येतंय…"

आणि खालच्या धुक्यातून आवाज आला, "येऊ द्या."

मी जागच्या जागी थिजले. परका देश, परका डोंगर, सुट्टीची सकाळ — आणि खालून मराठीत उत्तर. तेही इतकं निवांत, जणू सॅक झेलण्यासाठीच याला जन्माला घातलंय. पण तो आवाज मी ओळखत होते. गेलं वर्षभर रोज ऐकत होते. फक्त त्याला चेहरा नव्हता.

त्याचं असं आहे. मी एका बड्या हॉटेलात सहाव्या मजल्यावरच्या खोल्या आवरते. प्रत्येक मजल्यावर भिंतीत एक झडप आहे. झडप उघडायची, मळक्या चादरींचं गाठोडं आत ढकलायचं, की ते नळकांड्यातून धाडकन तळघरातल्या लाँड्रीत. ढकलण्याआधी ओरडायचं, नाहीतर खालच्याच्या मानेचं काही खरं नाही. पहिल्या दिवशी मी गडबडीत मराठीतच ओरडले, आणि खालून मराठीतच "येऊ द्या" आलं. मी त्याचं नाव ठेवलं पाताळ. त्याने माझं ठेवलं आकाशवाणी. त्याचं कामावर यायचं दार मागच्या गल्लीत, माझं पुढच्या. समोरासमोर कधी आलोच नाही.

धुक्यातून आधी माझी सॅक वर आली. तिच्यामागून एक उंच, लाल कानांचा, धापा टाकणारा माणूस.

"आकाशवाणी?"

"पाताळ?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. वेळ फार लागला नाही.

"मला वाटलं उंच असाल," तो म्हणाला. "आवाज सहाव्या मजल्याचा… आणि माणूस तळमजल्याचा."

"मला वाटलं तुम्ही आंधळे असाल."

"ते का?"

"धुतलेले अभ्रे बघून. पांढरे पाठवते, राखाडी येतात."

"आणि तुमच्या गाठोड्यातून काय काय येतं, माहितीये? चमचे येतात. सँडल येते. एकदा कुणाची तरी कवळी आली. मशीनमधून निघाली तेव्हा अशी लखलखत होती की परत द्यायला जीव होईना."

"तो पाहुणा बिचारा सूपवर होता."

"मिळाल्यावर?"

"लॉबीत उभा राहून सगळ्यांना हसून दाखवत होता."

तो हसला. मीही हसणार होते, पण अभ्र्यांचा विषय अजून मिटला नव्हता.

"इकडे कुठे निघालात?" त्याने विचारलं.

"बघायला. मावशी दर फोनला विचारते, परदेशात काय काय पाहिलंस गं? काय सांगू… सहाव्या मजल्यावरची सगळी बाथरूम? आपल्या प्रत्येक खोलीत या डोंगराचा फोटो आहे. रोज त्याची काच पुसते. म्हटलं, डोंगर खरा आहे की नुसता काचेखालीच, एकदा बघून तर यावं."

"नियम माहितीये ना?"

माहीत कसा नसेल. पाहुण्यांच्या सहलीच्या जागी कामगारांनी सुट्टीच्या दिवशीही दिसायचं नाही. पाहुण्यांचा आनंद उणा होतो म्हणे. आणि बाई आणि बुवा जोडीने दिसले, तर दोघांनाही घरचं विमान. शिवाय माझं काँट्रॅक्ट वाढवायचं की नाही ते उद्याच ठरणार होतं, आणि ठरवणार होती आमची सुपरवायझर — जिच्या कपड्यांना आणि चेहऱ्याला कधी सुरकुती पडलेली कुणी पाहिली नाही. आम्ही तिला इस्त्रीबाई म्हणायचो.

"मग आजच कशाला आलात?" पाताळ म्हणाला. "उद्या सही झाल्यावर यायचं."

"आणि सही नाही झाली तर? डोंगर न बघता परत जाऊ?"

त्याने जरा विचार केला. मग माझी सॅक स्वतःच्या पाठीला लावली.

"चला मग, मीही वरच निघालोय. पाताळात राहणाऱ्याला खाली पडायची भीती नसते."

वाट चढत गेली तसं 'तुम्ही' कुठेतरी मागे राहिलं. एका निसरड्या दगडापाशी त्याने हात पुढे केला. पाण्यात राहून राहून त्याच्या बोटांची टोकं सुरकुतली होती. माझी फिनाईलने खरखरीत झाली होती. दगड संपला… हात तसाच राहिला.

"दगड संपला," मी म्हणाले.

"पुढे अजून असतील."

"एकही दिसत नाहीये."

"धुकं आहे ना."

माथ्यावर पोहोचलो आणि पाऊस कोसळला. धावत छपराखाली शिरलो, तर तिथे रोपवेने वर आलेला पाहुण्यांचा अख्खा घोळका. हॉटेलचाच. एका प्रेमळ म्हाताऱ्या बाईने आम्हाला भिजलेलं पाहिलं, आपल्याच घोळक्यातले कुणीतरी मागे राहिले असं समजून दोन पिवळे रेनकोट आमच्या अंगावर चढवले, टोप्या नाकापर्यंत ओढल्या. आणि तेवढ्यात घोळक्यातून, पावसातही कडक, इस्त्रीबाई अवतरली. आजची सहल तिच्याच ताब्यात होती.

ती डोकी मोजायला लागली. थांबली. परत मोजली. मग उलट्या बाजूने मोजली. दोन जास्त. माणसं कमी निघाली तर काय करायचं हे तिला पाठ होतं. जास्त निघाली तर काय करायचं, हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नव्हतं. शेवटी पाहुणे ते पाहुणे, असं ठरवून तिने माझ्यासाठी स्वतःच्या हाताने खुर्ची पुसली.

"मॅडम, गरम चहा?"

मी टोपी हलवली. माझ्याकडे बघून ती इतकं गोड हसते हे मला आजच कळत होतं. शेजारचा रेनकोट हसू दाबून गदगदा हलत होता.

"सरांना थंडी वाजतेय," इस्त्रीबाई म्हणाली आणि त्याच्या गुडघ्यांवर शाल टाकली.

चहा प्यायचा आणि हळूच सटकायचं, एवढंच बाकी होतं. पण त्या म्हाताऱ्या बाईने विचारलं, "तुमच्या हॉटेलातली मुलं येतात का हो इथे? इतकं सुंदर आहे."

"छे हो," इस्त्रीबाई म्हणाली. "त्यांना यातलं काय कळतं? सुट्टी मिळाली की झोपा काढतात."

मी चहाचा कप खाली ठेवला. पाताळने रेनकोटच्या आतून माझा हात घट्ट धरला. जाऊ दे, असा. मी दुसऱ्या हाताने टोपी मागे केली.

"मी आलेय," म्हणाले. "जागी आहे."

इस्त्रीबाईच्या चेहऱ्यावर पहिली सुरकुती पडली. दुसऱ्याच क्षणाला हसू परत आलं, कारण सगळे पाहुणे बघत होते. ती माझ्याजवळ वाकली, कानात बोलली. आवाज चक्क मऊ होता.

"तुझं काम चांगलं आहे. एकटी आलीस म्हण, मी विसरून जाईन. हा तुझ्याबरोबर नाहीये ना?"

मी काही बोलण्याआधी पाताळ उभा राहिला. शाल खाली पडली. "नाही मॅडम. आज सकाळपर्यंत आम्ही एकमेकांना पाहिलंही नव्हतं."

ते 'नाही' सोडलं, तर यात एक अक्षर खोटं नव्हतं. मला फक्त मान हलवायची होती. काँट्रॅक्ट, सहावा मजला, रोजचा पगार, सगळं जागच्या जागी राहिलं असतं.

"आहे," मी म्हणाले. "माझ्याबरोबरच आहे."

"कधीपासून?" म्हाताऱ्या बाईने डोळे मोठे करून विचारलं.

"सकाळपासून."

ती टाळ्याच वाजवायला लागली. बाकीच्यांनाही वाजवाव्या लागल्या. इस्त्रीबाई टाळ्या संपेपर्यंत हसत राहिली, मग दात न उघडता म्हणाली, "उद्या ऑफिसात. दोघंही. आणि रेनकोट काढा, ते पाहुण्यांचे आहेत."

आम्ही काढले. वर्षभराच्या सवयीने दोघांनी दोन टोकं धरली, नीट घड्या घातल्या आणि तिच्या हातात दिल्या. रोपवे भरून खाली गेला. आम्ही पावसात उरलो. समोर ना दरी दिसत होती, ना शहर. नुसतं पांढरं.

"नाही म्हणाली असतीस तरी मला राग आला नसता," तो म्हणाला.

"मला आला असता."

"…उद्या तिकीट हातात देतील."

"देऊ दे. दोघांना एकाच विमानाचं द्या म्हणावं."

तो माझ्याकडे बघत राहिला. पावसाचं पाणी त्याच्या त्या लाल कानांवरून टपटपत होतं, आणि मला ते पुसावंसं वाटलं, म्हणून पुसलं. बाहीने. त्याने डोळे मिटले.

"शेजारची सीट मागायची?" त्याने मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"माग. पण खिडकी माझी. इकडचं अजून बरंच बघायचं राहिलंय."