पोट सुटलेला डोंगर

इकुमा मला पहिल्यांदा भेटला सेता नदीच्या काठावर, आणि त्याची नजर माझ्यावर नव्हतीच... माझ्या हातातल्या दगडावर होती. गुडघाभर पाण्यातून मी तो नुकताच वर काढला होता. दोन शिखरं, मधे दरी, हुबेहूब डोंगर! फक्त खाली पोट सुटलेलं, त्यामुळे कुठेही ठेवला की कलंडायचा. असे डोंगरासारखे दगड आमच्याकडे प्रदर्शनात मांडतात, आणि नीट बसावेत म्हणून काहीजण त्यांचं बूड कापून घेतात.

"कापू नका हं त्याला," तो म्हणाला. ओळख ना पाळख!

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"कोणी नाही. पण विचारणार असाल तर... थांबतो इथेच."

आणि हसला. हसला छान, मेला.

मग तो दर रविवारी घरी यायला लागला. दगडावर पाणी शिंपडायचा आणि तो ओला डोंगर बघत माझ्या हातचा चहा प्यायचा. मला तो आवडायला लागला होता, म्हणून तर संशय जास्त! बाबा सरळच म्हणाले, "चिगुसा, तो दगडावर लट्टू आहे. तुझ्यावर नाही."

ते मनाला लागलं. कापलेला दगड इकुमाच्या लेखी दगडच नव्हे. मग कापूनच बघू, म्हटलं. त्यानंतरही आला, तर माझ्यासाठी.

"चला," मी त्याला म्हटलं. "बूड कापून घेतेय. प्रदर्शनात नीट बसेल."

त्याचा चेहरा उतरला. "खरं कारण?"

"तुम्ही कोणासाठी येता ते कळायला!" बोलून गेले, आणि कान तापले.

दगड त्यानेच उचलला आणि दगड कापणाऱ्याच्या दुकानापर्यंत छातीशी धरून नेला. हा पळवतो की काय, असंही माझ्या मनात येऊन गेलं!

"कुठून कापू?" कारागिराने विचारलं.

इकुमाने खडू घेतला. दगडावरून एकदा हात फिरवला... आणि रेघ त्यानेच ओढली. "इथून. दरी शाबूत राहील." मग माझ्याकडे वळला. "रविवारी चहाला येऊ ना?"

पातं फिरू लागलं.

"थांबवा!" मी ओरडले. "नाही कापायचा!"

बाहेर आलो तरी मला राहवेना. "आणि कापलाच असता तर?"

"तर रडलो असतो," तो म्हणाला. "पण तुमच्याच घरी बसून."

मी त्याचा हात धरला. पुलापर्यंत पोचलो, तोच मागून कारागीर धापा टाकत आला.

"अहो, तुमचा दगड!"

इकुमा तो विसरूनच आला होता.