तीस वॉटचा गळा

हस्तसंगणकाचा पंखा एकदम घोंघावू लागला तसे डॉ. मुजावर खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "हे गातंय की गिरणी चालवतंय?"

"गातंय," वैजयंती सबनीस म्हणाली. "तीस वॉटवर गातंय. पंख्याकडे नका लक्ष देऊ, आवाज ऐका."

प्रयोगशाळेच्या टेबलावरचं ते यंत्र मुळात खेळ खेळण्यासाठी बनवलेलं. मधे वितभर पडदा, दोन्ही बाजूंना धरायला मुठी, अंगठ्यांखाली कळा. वैजयंतीने ते दुकानातून आणलं, त्यातले सगळे खेळ पुसून टाकले आणि स्वतः तयार केलेली 'स्वरसेतू' ही प्रणाली त्यात बसवली.

समोर त्र्यंबकबुवा आठल्ये बसले होते. चाळीस वर्षं कीर्तनं केलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी कर्करोगामुळे मुजावरांनीच त्यांचं स्वरयंत्र काढलं होतं. बुवा आता गळ्याला ठेवलेल्या छिद्रातून श्वास घेत. ओठ हलत, पण आवाज फुटत नसे. मात्र गायची इच्छा झाली की मेंदूचे संदेश गळ्याच्या उरल्यासुरल्या स्नायूंपर्यंत अजूनही पोचत. मानेभोवतीची मऊ कंठपट्टी ते टिपी, हस्तसंगणकाकडे पाठवी, आणि तिथून बुवांचा जुना आवाज निघे. भरदार, किंचित खरखरीत, वरच्या षड्जावर सहज चढणारा.

"मोठा संगणक का नाही घेतलास?" मुजावरांनी विचारलं.

"देवळात कुठे मांडू तो? आणि दूरच्या केंद्राकडे संदेश पाठवून उत्तर मागवायचं म्हटलं, तर समेवरचा शब्द सम होऊन गेल्यावर येतो. हा ओंजळीत मावतो आणि सगळं गणित जागच्या जागी उरकतो. खेळातली चित्रं क्षणात रंगवायची ताकद आहे त्याच्यात, तीच मी आवाजाला लावली."

"गुण झाले. आता खोडी सांग."

"तापतो. पूर्ण ताकदीवर बॅटरी जेमतेम दीड तास. फार तापला की स्वतःहून ताकद उतरवतो. चार्जर लावून चालवावा तर कर्ण्यात गुरगुर येते. आणि पडदा एवढासा, सगळं दाखवता येत नाही."

"काय नाही दाखवत?"

"पट्टीतून येणारा कच्चा संदेश. तापमान, बॅटरी आणि पदाचे शब्द दिसले की माझं भागतं."

मुजावरांनी ताकदीच्या कळीकडे बोट केलं. वैजयंतीने ती आठ वॉटवर आणली. पंखा शांत झाला आणि बुवांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, सपाट, तुटक येऊ लागला.

"हा का असा?"

"आठवर तो जेवढं येतं तेवढंच बोलतो. संदेश मुळात अर्धामुर्धा येतो, डॉक्टर. तीसवर उरलेलं तो अनुमानाने भरतो. बुवांची सगळी जुनी कीर्तनं त्याने ऐकलीत, पुढे काय येणार ते त्याला आधीच ठाऊक असतं. ताकद जितकी जास्त, तितका त्याचा अनुमानावर भरवसा जास्त."

"आणि मधेच खोकला आला तर?"

"पदात खोकला बसत नाही. गाळून टाकतो."

"जे जे बसत नाही ते?"

"ते सगळंच."

बुवांचे ओठ हलले आणि डबा बोलला, "उत्तम. आमच्या कीर्तनात न बसणारं गाळायला आजवर फक्त आमचं कुटुंब होतं."

वैजयंती हसली. मुजावर हसले नाहीत. "मला हे पटत नाही. अनुमानाला काहीतरी मर्यादा घाल."

"मर्यादा घातली तर तान मधेच तुटते."

"तुटू दे."

बुवांनी हात जोडले. "मुजावर, गळा तुम्ही कापलात, तो हिने शिवलाय. आता तुमची का तक्रार? दोन वर्षं रामनवमीला पाळण्यापुढे मुका बसलोय मी. या डबड्या आवाजात रामजन्म गाऊ? त्या दिवशी तीस. पुढे तुम्ही म्हणाल तसं."

मुजावरांनी खुर्ची पुन्हा टेबलाजवळ ओढली.

*

नवमीला मंडपाच्या पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं ऊन होतं. चार गावची माणसं दाटीवाटीने बसली होती, कित्येकांच्या मुठीत गुलाल तयार होता. बुवा कीर्तनाला उभे राहिले तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांनी आधी हात जोडले आणि मग डोळे पुसले. पूर्वरंग रंगला. उत्तररंगात आख्यान आलं, दशरथाच्या घरातली घालमेल आली, आणि बाराला थोडा वेळ उरला असताना बुवांनी स्वतः रचलेलं जन्माचं पद धरलं.

"माये, दार उघड आता, बाळ उजेडाचे आले..."

वैजयंती पेटीवाल्या दिगू गुरवाच्या शेजारी, दोन्ही मुठींत यंत्र धरून बसली होती. पाठीमागची जाळी हाताला चटके देत होती. तिने ओल्या पंच्यात बर्फ गुंडाळून यंत्राच्या पाठीला लावला होता. तो वितळून मांडीवर ओघळत होता. पडद्यावर तापमानाचा आकडा लाल झाला होता.

"टिकेल ना ताई?" दिगूने पेटी न थांबवता विचारलं.

"जन्मापर्यंत टिकवते. तू लय सोडू नकोस."

तेवढ्यात यंत्राने ताकद उतरवली. कर्ण्यातून पदाच्या मधोमध एक तुटका, सपाट आवाज फुटला. "थां..."

लोकांनी माना वर केल्या. वैजयंतीने राहिलेला सगळा बर्फ जाळीवर दाबला. आकडा खाली सरकला, पंखा पुन्हा चढला आणि पद जिथे तुटलं होतं तिथूनच उमललं, आधीपेक्षाही गोड. दिगूने सुस्कारा टाकला.

बुवा पाळण्याच्या दांडीला टेकून उभे होते. आता ते नाचत नव्हते. डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहत होतं, उपरणं घामाने चिंब. चिपळ्यांचा हात छातीशी. मग त्यांनी दुसरा हात वर उचलला.

कीर्तनात बुवांचा हात वर गेला की साथीदारांनी लय वाढवायची. पखवाज चढला, झांजा चढल्या, लोकांनी टाळ्यांनी मंडप दणाणून सोडला. बुवांचा हात वरच राहिला. लय आणखी चढली.

"समाधी लागली बुवांची!" पुढच्या रांगेतली एक बाई दबल्या स्वरात म्हणाली आणि तिने भुईवर डोकं टेकलं. आता त्यांना कुणी शिवणार नव्हतं. वैजयंतीच्या अंगावरही काटा आला. असं पद तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

खांबाजवळ बसलेले मुजावर मात्र उठले होते. माणसांच्या मांड्या ओलांडत, शिव्या खात ते पुढे आले आणि वैजयंतीशेजारी गुडघ्यांवर बसले.

"आवाज बंद कर."

"काय?"

"बुवांचे ओठ बघ. गळा गेलेल्या माणसांचे ओठ वाचत माझी उमर गेली. पद वेगळं चाललंय, ओठ वेगळं बोलतायत."

"काय बोलतायत?"

"इतक्या लांबून कळत नाही. पण 'बाळ' म्हणताना ओठ मिटतात. त्यांचे तेव्हा मिटत नाहीत."

तिने बघितलं. ओठ थरथरत होते. भावाने थरथरतात तसेच. पुजाऱ्याने पाळण्याची दोरी हातात घेतली होती. माणसं गुलालाच्या मुठी उचलून घड्याळाकडे बघत होती.

"डॉक्टर, ते खरंच तल्लीन असले तर? जन्माच्या क्षणी मी त्यांचा गळा काढून घेऊ? पुन्हा?"

"आणि नसले तर?"

बर्फ संपत आला होता. पंचा झटकून वाट बघितली असती तर यंत्राने स्वतःच ताकद उतरवली असती, पण कधी, ते सांगता येत नव्हतं. वैजयंतीने एकदा बुवांच्या वर उचललेल्या हाताकडे पाहिलं. बोटं पसरलेली होती, आणि ती कुणालाही बोलावत नव्हती. तिने अंगठ्याने कळ दाबली आणि तीसचे आठ केले.

पद विझलं. पंखा थांबला. पखवाज दोन घाव पुढे जाऊन अडखळला.

भरल्या मंडपात, प्रत्येक कर्ण्यातून, पत्र्याच्या डब्यातला आवाज आला.

"...थांबवा. कळ येतेय छातीत. अरे, किती वेळ सांगतोय... वैजू, थांबव गं... हात वर करतोय, दिसत नाही का कुणाला..."

मग मुजावर आणि दिगू एकदमच धावले. दांडीचा आधार सुटून बुवा कोसळले ते त्यांच्या हातांवर.

*

मुजावरांच्या गाडीत मागच्या बाकावर बुवांचं डोकं वैजयंतीच्या मांडीवर होतं. मुजावरांनी गोळी चावायला लावली होती आणि आता ते शेतातल्या रस्त्याने वाटेल तशी गाडी हाकत होते. हस्तसंगणक तिच्या गुडघ्यावर होता. आठ वॉटवर त्याच्यात अजून कितीतरी जीव शिल्लक होता आणि त्याची पाठ थंड पडत चालली होती.

"कळ डाव्या हातात जाते का, बुवा?" मुजावरांनी पुढून ओरडून विचारलं.

"जाते. जबड्यातही," डबा म्हणाला.

"श्वास?"

"अपुरा. पण आहे."

"बास. असंच बोलत राहा. बोलणं थांबलं की मी घाबरेन."

वैजयंतीने बुवांचा घाम पुसला. "बुवा, तुम्ही हाका मारत होतात आणि मी बर्फ लावत होते."

"माझ्या हाकेची पदं झाली गं. मलाच ऐकू येत होती." थोडा वेळ नुसता घरघरता श्वास आला. "गोड होती की नाही?"

तिने मान हलवली.

"म्हणून तर भीती वाटली. या आवाजात मेलो असतो तर लोकांनी पायांवर गुलाल टाकला असता." मग एकदम, "अगं, जन्म झाला का?"

"झाला. आपण निघालो तेव्हा बारा वाजत होते. मंडपातल्या लोकांनीच म्हटलं पद."

"सुरात?"

"छे. बाया एका पट्टीत, पुरुष दुसऱ्या. दिगू तर रडतच होता. शब्दही कुणाला धड येत नव्हते."

बुवांनी डोळे मिटले. वैजयंती घाबरून कंठपट्टीवर वाकली. मग सपाट, तुटका आवाज आला, जेवढा आला तेवढाच.

"मग देवाला पोचलं असेल."