बोळाच्या टोकाची भिंत

मिलोराद वुयिचच्या घराचे फोटो काढायला मी गेले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि बाहेर पारा त्रेचाळीसवर होता. जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडीत उन्हाबद्दल कुणी बोलत नाही, माशांबद्दल बोलतात. दाराशी उभं राहून तोंडावरच्या माशा झटकल्या आणि टेकडीच्या पोटात खोदलेल्या त्या घरात शिरले. आत गारवा. थोडा वेळ डोळ्यांपुढे नुसते हिरवे ठिपके नाचत होते, मग स्वयंपाकघर दिसायला लागलं.

"आलीस का ग्रीकीणबाई? बस. कॉफी टाकलीय."

"ग्रीक कॉफी असेल तर घेते, चिका."

"सर्बियन आहे. पुन्हा ग्रीक म्हणालीस तर कप घेऊन उन्हात बसवीन."

सर्ब लोक काकाला चिका म्हणतात. गावात सगळेच मिलोरादला तसं म्हणायचे, निदान तोंडावर तरी. एकोणऐंशी वर्षांचा बुटका माणूस, मनगटं मात्र कुदळीच्या दांड्यासारखी. उभा जन्म ओपलचे रत्नखडे खणण्यात गेलेला. मुलगा देयान ॲडलेडला असतो. बापाने एकट्याने राहू नये म्हणून त्यानेच घर विकायचं ठरवलं होतं आणि मला फोन केला होता.

बावीस वर्षं मी या गावात फोटो काढते. लग्नं, बाप्तिस्मे, पासपोर्ट, आणि विकायला निघालेली घरं. जमिनीखालच्या घरांना खिडक्या नसतात. दिव्यांच्या पिवळ्या उजेडात ती नुसत्या बिळासारखी दिसतात. म्हणून मी घरातले सगळे दिवे बंद करते आणि फ्लॅशवर काम करते.

एक फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर सरकवून चाक आवळलं आणि त्याचं तोंड छताकडे वळवलं. सरळ मारला तर भिंती चपट्या दिसतात. छतावरून परतलेला उजेड मऊ पडतो. दुसरा फ्लॅश छोट्या स्टँडवर चढवला. मिलोराद एकच खुर्ची तीनदा इकडून तिकडे हलवून झाल्यावर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"याला तार नाही?"

"नाही लागत. याला हा बारीक डोळा आहे बघा. पहिला उडाला की याला दिसतं, आणि हा आपोआप उडतो."

"म्हणजे तू हाक मारतेस आणि हा ओ देतो."

"तसंच म्हणा."

तो हसला नाही. पुन्हा खुर्चीकडे गेला.

स्वयंपाकघर झालं, बैठकीची खोली झाली. मग बोळ. वीसेक पावलांचा सरळ बोळ, उजव्या हाताला दोन खोल्यांची दारं, टोकाला कोरी भिंत. भिंतींवर खोदायच्या यंत्राच्या दातांचे गोल गोल ओरखडे होते आणि वरून धूळ गळू नये म्हणून पारदर्शक रंगाचा हात. दुसरा फ्लॅश मी शेवटच्या खोलीत ठेवला, त्याचा उजेड दारातून बोळात सांडावा म्हणून. कॅमेरा ट्रायपॉडवर. शटर तीन सेकंद उघडं. अंधारात तीन सेकंदांनी काही बिघडत नाही, उजेड असतो तो फ्लॅशचाच.

"दिवे घालवा, चिका."

जमिनीखालच्या अंधाराला डोळे सरावत नाहीत. मी बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो आला. दारातून पांढरा उजेड हवा तसा सांडला होता. पण टोकाची भिंतही उजळली होती. तांबूस. तळहातामागे बॅटरी धरली की बोटं आतून लाल दिसतात, तशी.

रंगाची चकाकी असेल म्हणून कॅमेरा हातभर डावीकडे सरकवला. तेच. खाली आणला. तेच. मग खोलीत जाऊन दुसरा फ्लॅश बंद केला आणि पुन्हा फोटो घेतला. दार काळं होतं. भिंत तांबूस होती.

पाचव्या वेळी मी पडद्याकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून बटण दाबलं, पापण्यांवर पांढरं चमकून गेलं, आणि लगेच डोळे उघडले.

अंधार. एक श्वास जाईल एवढा वेळ. मग भिंत उजळली आणि विझली.

"पुन्हा मार," माझ्या मागून मिलोराद म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता.

मी पुन्हा मारला. पुन्हा एक श्वास, पुन्हा भिंत.

"सावो," तो म्हणाला. मग दिवे लावले. दुसऱ्यांदा टाकलेली कॉफी उतू जाऊन शेगडीवर जळून गेली होती, तिचा वास बोळापर्यंत आला होता.

सावोचं नाव गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सावो लेकिच, मिलोरादचा भागीदार. चाळीस वर्षांपूर्वी एका सकाळी दिसेनासा झाला. मोठं ओपल हाती लागलं आणि मिलोरादने त्याला कुठल्यातरी विहिरीसारख्या खड्ड्यात लोटलं, असं लोक म्हणायचे. गावाभोवती असे उघडे खड्डे हजारोंनी आहेत. पोलिसांनी शोधलं, काही मिळालं नाही. पुढे मिलोरादला दुसरा भागीदार मिळाला नाही, आणि बायको मुलाला घेऊन ॲडलेडला निघून गेली.

त्या दिवशी स्वयंपाकघरात बसून त्याने मला सांगितलं ते असं. दोघं हाच बोळ खणत होते. सावो टोकाला, यंत्रावर. यंत्राच्या आवाजात हाका ऐकू यायच्या नाहीत, म्हणून हेल्मेटवरच्या दिव्याने खूण करायचे. मिलोराद कॉफी टाकायला इथे आला. कॉफी झाली, त्याने बोळाच्या तोंडाशी जाऊन दिवा उघडझाप केला. टोकाकडून उत्तर आलं. दोन कप घेऊन तो निघाला. टोकाला यंत्र घरघरत उभं होतं आणि समोर भिंत होती. ताजे ओरखडे. दरड नाही, भगदाड नाही. बाहेर जायची वाट याच स्वयंपाकघरातून होती.

"मी भोक पाडलं त्या भिंतीत. बारा मीटर. सगळा दगड. मग बुजवून टाकलं."

"पोलिसांना सांगितलंत?"

"सगळ्यांना सांगितलं. तू काय म्हणाली असतीस?"

मी कॅमेरा पिशवीत ठेवायला लागले.

"किती वर्षं मी बॅटरी मारत होतो त्या भिंतीवर. रोज. काही नाही. तुझा तो डबा बॅटरीपेक्षा जोरात आहे, सावोला दिसला असेल." त्याने टेबलावरचा माझा हात धरला. "पोरी, मला हे शिकव."

मी नाही म्हणायला हवं होतं. अजूनही गाडी चालवताना, भांडी घासताना मी त्याला नाही म्हणते. पण चाळीस वर्षं ज्याच्या टेबलाशी कुणी बसत नव्हतं त्या माणसाने माझा हात धरला होता, आणि भिंत मीही पाहिली होती.

माझ्याकडे एक जुना फ्लॅश होता. तो दिला त्याला. चार सेल कसे घालायचे, कुठलं टोक कुठे, ते दाखवलं. कॅमेरा नसला तरी मागचं चाचणीचं बटण दाबलं की तो उडतो. ताकद पाव ठेवायची, पूर्ण नाही. डोळ्यांजवळ कधीच नाही.

"हा लाल दिवा लागल्याशिवाय मारायचा नाही, चिका. मध्ये त्याला दम घेऊ द्यायचा. ऐका."

त्याने फ्लॅश कानाशी नेला. आत वीज साठताना बारीक शीळ येते, चढत जाते आणि थांबते. त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला.

"हा तर तुझ्यापेक्षा लवकर तयार होतो, ग्रीकीणबाई."

देयानला मी बाकीचे फोटो पाठवले. बोळाचा एकही नाही. बापाने दुसऱ्याच दिवशी त्याला फोन करून सांगितलं, घर विकायचं नाही.

मग मिलोराद सेल न्यायला माझ्या दुकानात यायला लागला. आधी आठवड्यातून एकदा, फेब्रुवारीत एक दिवसाआड. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायचा. चर्चमध्ये म्हणे पहिल्या रांगेत बसला. लोक म्हणाले, म्हातारा सुधारला. मला मात्र दुकानात बसवेना. त्याची गाडी दिसली की उगीच काउंटर पुसायला घ्यायची.

"आधी एक श्वास लागायचा," एकदा तो हलक्या आवाजात म्हणाला. "आता मी मारला की लगेच."

"कॅमेरा नाही, काही नाही. तुम्हाला भास होत असेल."

"तुला झाला होता का?"

"चिका, देयानकडे जा थोडे दिवस. घर कुठे पळून जातंय?"

"चाळीस वर्षं गाव म्हणतं मी सावोला मारलं. तो जवळ येतोय आणि मी ॲडलेडला जाऊन नातवंडांबरोबर आइस्क्रीम खाऊ?" त्याने सेल खिशात टाकले. दारात थांबून म्हणाला, "कपडे वाळत घालावेत तसा साधा आवाज येतो ग भिंतीतून. झटकल्यासारखा. घाबरण्यासारखं काही नाही."

मी त्याला बारा सेल दिले होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो आलाच नाही.

शुक्रवारी सकाळी देयानचा फोन आला, बाबा फोन उचलत नाहीत. मी पोलिसाला घेऊन गेले. दाराला आतून कडी होती. त्याने दार फोडलं. घर नीटनेटकं होतं, अंथरूण घातलेलं. टेबलावर कॉफीचे दोन कप, दोन्ही भरलेले, वर साय धरल्यासारखा थर.

बोळातला दिवा बंद होता. पोलिसाने लावला.

फ्लॅश टोकाच्या भिंतीपाशी जमिनीवर होता. मी उचलला आणि सोडून दिला. गरम होता. दम न घेऊ देता लागोपाठ मारत राहिलं की समोरचं प्लास्टिक करपतं. त्याचं पार तपकिरी होऊन फुगलं होतं. ताकदीचा काटा पूर्णवर होता.

"कधीपासून गायब असेल?" पोलिसाने विचारलं.

मी कॉफीवरच्या त्या थराकडे पाहिलं, मग हाताच्या भाजलेल्या बोटांकडे.

तीन आठवडे त्यांनी भोवतालचे खड्डे धुंडाळले. हवा यायचं धुराडं माणूस जाईल एवढं रुंद नव्हतं. जुन्या कड्या दार जोरात ओढलं की आपोआप पडतात, असं पोलिसाने लिहून टाकलं. गाव म्हणालं, म्हाताऱ्याला शेवटी सावोजवळ जावंसं वाटलं असेल, जिथे पुरला होता तिथे.

मे महिन्यात देयान आला. बापासारखाच बुटका, बोलायला मऊ. घर आता विकायचंच होतं. फोटो नव्याने हवे होते.

"तुम्हीच काढा. बाबा फोनवर तुमच्याबद्दल फार बोलायचे. त्यांना हसवायचात म्हणे."

मी हो म्हटलं, पण सामानातून फ्लॅश काढून दुकानातच ठेवले. दुकानातले दोन मोठे दिवे आणि लांब वायरचं वेटोळं घेऊन गेले. दुपारचे दोन वाजले होते, दार सताड उघडं ठेवलं होतं, पण बाहेरचा उजेड बोळापर्यंत पोचत नव्हता. स्वयंपाकघर दिव्यांवर काढलं. उजेड पिवळा आला. येऊ दे म्हटलं. बैठकीची खोली काढली. बोळाच्या तोंडाशी ट्रायपॉड उभा केला. एकच फोटो, मग निघायचं.

देयान माझ्या मागे विजेच्या मीटरपाशी उभा होता.

"बाबा म्हणाले होते, तुम्हाला अंधार लागतो," तो म्हणाला.

"नको," मी म्हणेपर्यंत त्याने मुख्य खटका पाडला.

माझे दिवे गेले. सगळं गेलं.

मी हलले नाही. कॅमेऱ्याला हात लावला नाही. स्वतःचा श्वास ऐकू येत होता, आणि मागे देयानचा.

टोकाची भिंत उजळली.

विझली.

लगेच पुन्हा उजळली. या वेळी उजेड पहिल्याच्या शेजारी होता, वीतभर खाली.

मग काही नाही. कुणीतरी ओ यायची वाट बघत थांबावं, तसा अंधार.

"छान आहेत हो तुमचे फ्लॅश," देयान म्हणाला. "किती आणलेत?"

"दोन," मी म्हणाले, आणि चाचपडत त्याचा दंड धरून त्याला उन्हात घेऊन आले.