अर्धं ताट

भाचीच्या बाप्तिस्म्याचं जेवण आटोपलं, पाहुणे उठले, आणि एदुविहेसला मात्र खुर्चीतून उठताच येईना... टेबलावर दोन्ही हात रेटूनही ती तिसऱ्यांदा मागे बसली, तेव्हा कुणीतरी हसलं, आणि तिचा धाकटा भाऊ फिदेन्सिओ सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, दोन घास कमी खाल्ले असतेस तर ही वेळ आली नसती."

आई गेली तेव्हा हा भाऊ सात वर्षांचा होता. त्याच्यापायी तिने ठरलेलं लग्न मोडलं, ओरिसाबा शहराच्या बाजारात तीस वर्षं खाणावळ चालवली, भिजल्या मक्याच्या जड बादल्या उचलून त्याला मास्तर केलं. आता तिचं लिव्हर खराब झालं होतं, आणि वजन उतरावं म्हणून त्यानेच तिचं ताट अर्धं केलं होतं. दारूचा थेंबही न शिवलेल्या तिच्याकडे शेजारी संशयाने बघत, भावजय तिला आळशी म्हणे... आणि त्या शरमेने ती अर्ध्यातलंही निम्मं परत पाठवी. देह तसाच स्थूल, पाय मात्र रोज अधिक परके होत चालले होते.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला मुठीत एक यंत्र दाबायला लावलं. काटा जेमतेम हलला. मग स्कॅन बघून त्यांनी सांगितलं, की चरबीमुळे वरून कळत नाही, पण आत स्नायू झिजून गेलेत. अशा लिव्हरला शक्ती साठवता येत नाही, उपाशी ठेवलं की शरीर स्वतःचंच मांस खातं. अंडी, घेवडा, थोडं थोडं दिवसातून अनेकदा द्यायचं, मीठ जपून.

"यांचं खाणं कुणी तोडलं?"

"मी," फिदेन्सिओ म्हणाला.

बाहेर बाकावर त्याचे डोळे भरून आले. इतका त्रास होता तर बोलली का नाहीस, असं त्याने विचारलं.

"सगळेच म्हणत होते... मग मलाही वाटलं, मीच आळशी असेन."

त्याने हात देऊन तिला बाकावरून उठवलं.

घरी येऊन त्याने बायकोला बाजूला केलं आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः चूल पेटवली. अंडी करपली, मीठ तर नव्हतंच. एदुविहेसने सावकाश सगळं संपवलं.

"इतकं वाईट अंडं आयुष्यात खाल्लं नव्हतं रे," ती म्हणाली, आणि रिकामं ताट त्याच्यापुढे धरून म्हणाली, "अजून एक वाढ."