भुलबोरांची आमटी

चांद्रतळावरच्या मुदपाकखान्यात द्वारकाआजींनी दुधीची चकती कापून जिभेवर ठेवली. कडू दुधी विषारी असतो. चाखल्याशिवाय त्यांनी उभ्या जन्मात एकही दुधी चिरला नव्हता.

"गोड आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि विळीवर बसल्या.

चौथीत शाळा सुटलेल्या या बाईला इथवर आणलं होतं ते तिच्या हाताच्या चवीसाठी. शेवाळाच्या पिठाची कडवट भाकरी कुणाच्या घशाखाली उतरेना, म्हणून डॉक्टर शरयू मोघ्यांनी हरितघुमटात परदेशी रानातली भुलबोरं पिकवली. शास्त्रज्ञांनी त्यांचा मुरंबा घातला. आजींनी नाक मुरडलं. "हे काय पोरखेळ!" म्हणत त्यांनी ती बोरं आमसुलाच्या जागी आमटीत घातली, रश्श्यात घातली, वांग्यात भरली. तेव्हापासून तळावरची नऊच्या नऊ माणसं पोटभर जेवू लागली.

नऊ कसली, आठ. नातसून केतकीला पाचवा महिना होता आणि बोरांच्या नुसत्या वासानं तिला मळमळायचं. आज आजींनी त्याच दुधीतल्या चार फोडी तिच्यापुरत्या जिऱ्याच्या फोडणीवर वेगळ्या परतल्या.

पहिल्याच घासाला केतकीचं तोंड वाकडं झालं. "आजी, कडूजहर आहे हो!"

"सगळ्यांना गोड लागतोय, आणि तुला एकटीलाच कडू? पोटुशीला पाणीसुद्धा कडू लागतं. नखरे पुरे, गीळ मुकाट्यानं."

केतकीनं मान खाली घालून गिळलं. इतरांची पानं आटपायच्या आतच ती दवाखान्याच्या खाटेवर भडाभडा ओकत होती.

"आजी, दुधी चाखला होतात?" मोघ्यांनी विचारलं.

"म्हणजे काय! ही जीभ साठ वर्षांत चुकली नाही."

"आणि बोरं रोज खाता?" मोघ्यांचा आवाज उतरला. "बोरातलं प्रथिन जिभेवरच्या कडूवेदी पेशींना चिकटून बसतं. कुलपात काडी मोडली की किल्ली आत जात नाही, तसं. कडू असतं तिथंच, आजी. कळत नाही, इतकंच."

आजींनी केतकीचा हात धरला. पोर सांगत होती, आणि आपण तिला दटावून विष चारलं. "डॉक्टरीणबाई, माझं पतवंड..."

मोघ्यांनी यंत्र फिरवलं. टकटक, टकटक. "ठोके नीट आहेत. सगळं उलटून पडलं, म्हणून वाचली."

आजींनी डोळे पुसले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण आम्हा आठ जणांना साधी मळमळसुद्धा कशी नाही? मी तर दोनदा वाढून घेतला."

उत्तर द्यायला मोघ्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांचा हात नकळत स्वतःच्या पोटाकडे गेला.

"तशाच पेशी पोटातही असतात, आजी," त्या हळूच म्हणाल्या. "कडू आत आलं की ओकारी त्याच काढतात. बोरांनी त्याही बुजल्या, की ओकारीच बंद."

भोजनगृहातून कुणीतरी हाक मारली, "आजी, दुधी उरलाय का हो?"

"ताट खाली ठेव!" आजी किंचाळल्या. त्यांनी दोन बोटं घशात घातली. पार खोल.

पोट हललंसुद्धा नाही. पोटभर जेवलेल्या माणसाचं असतं, तसं ते शांत होतं.